लॅम्पला हात लावू नको

विजेच्या वस्तूंचं एक असतं. घरातलं एखादं बटन खराब झालं की त्याच्याभोवती गोष्टी जमायला लागतात. बटन आठवड्यात दुरुस्त होतं, गोष्टी मात्र राहतात. आमच्या चाकूरच्या ओट्यावर तर त्यांचा नुसता ढीग झालाय, आणि यंदा त्यात एका टेबललॅम्पनं इतकी भर घातली की आता सांगून मोकळं झालेलं बरं.

ओट्यावर दुपारी आम्ही तिघी असतो. मी अनसूया, जिल्हा परिषदेच्या शाळेतली रिटायर्ड बाई, गणित आणि विज्ञान. शेजारची रझिया आपा, शिलाई करते. तिच्या मशीनचा आवाज थांबला की गल्लीला कळतं, दुपार झाली. आणि समोरची कमल. ती रोज सकाळी शेतात जाऊन पाण्याची मोटार चालू करते आणि काम आटोपून आमच्यात येऊन बसते. आमच्यात सगळ्यात लहान तीच, पन्नाशीची.

साठीनंतर बायकांनी विजेच्या बोर्डापासून लांब राहावं असं ज्यांचं मत असेल, त्यांनी इथूनच उठलेलं चांगलं.

*

आधी लॅम्पचं सांगते. माझं माहेर मुदखेडजवळचं एक खेडं. मला पुढच्या वर्षी डी.एड.ला नांदेडला पाठवायचं ठरलं तेव्हा वडील एकदा नांदेडला गेले. तिथं कुठल्याशा ऑफिसचं जुनं सामान विकायला काढलेलं होतं, त्यातला एक पितळी टेबललॅम्प ते काखेत मारून रेल्वेनं घेऊन आले. जड बूड, वाकलेली मान, वर हिरवी टोपी. गल्ली बघायला लोटली. सगळं छान होतं, फक्त आमच्या घरात वीज नव्हती.

विजेचा खांब गावाच्या वेशीपर्यंत आला होता आणि तिथंच दमून थांबला होता. चुलते हसले. वीज नाही तर हे धूड कशाला, म्हणाले. वडील शांतपणे म्हणाले, "वीज यील तवा यील. पोरीचा दिवा तयार पायजे." आणि तो भिंतीतल्या देवळीत ठेवून घरादाराला सांगून टाकलं, "ह्याला तिच्याबिगर कुनी हात लावायचा न्हाई."

हे वाक्य आईनं इतकं मनावर घेतलं की लॅम्पवर मांजर जाऊन बसलं तरी ती मला विहिरीवरून हाक मारून बोलवायची. वर्षभर तो न पेटलेला लॅम्प मी रोज पुसला.

*

लग्न होऊन चाकूरला आले. लॅम्प बरोबर आला आणि ते वाक्यही आलं, फक्त आता ते मलाच ऐकवलं जायला लागलं. आमचे हे तहसीलमध्ये होते, पण गावात सगळे त्यांना सरच म्हणायचे, कारण मी बाई होते. माणूस सज्जन, फक्त विजेच्या बाबतीत हुकूमशहा. बल्ब बदलायचा असो की फ्यूज बांधायचा असो, "तू हात लावू नको, करंट बसल," एवढं म्हणून ते स्टूल ओढायचे.

मी शाळेत फळ्यावर सेल, बल्ब आणि बटनाची आकृती काढून साठ पोरांना विद्युत परिपथ शिकवायचे. मग घरी येऊन गेलेल्या बल्बखाली बसायचे आणि हे ऑफिसातून येण्याची वाट बघायचे. तीस वर्षं! आता आठवलं की मलाच माझा राग येतो.

हे गेले त्याला चार वर्षं झाली. पण वाक्य काही गेलं नाही. ते मुलानं उचललं.

*

मुलगा प्रशांत लातूरला असतो. इलेक्ट्रिक फिटिंगची कंत्राटं घेतो, अख्ख्या अपार्टमेंटची वायरिंग करतो. लॅम्पची वायर कडक होऊन तडकली होती, ते मी त्याला दोन वर्षं सांगत होते. दर वेळी तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला बघतो, तवर तू हात लावू नको."

मागच्या महिन्यात सकाळी पेपर वाचायला लॅम्प सरकवला आणि त्यानं मला झटका दिला. फार मोठा नाही. हात झिणझिणला, तोंडातून आवाज निघाला, संपलं. आवाज भिंतीपलीकडे रझिया आपानं ऐकला. तिनं काळजीपोटी लातूरच्या लेकीला फोन केला. लेक नेमकी ज्या बिल्डिंगमध्ये राहते तिथंच प्रशांतचं काम चालू होतं. मी बसून पाणी पिऊन पेला खाली ठेवते न ठेवते तोच त्याचा फोन. तोपर्यंत बातमीत मी टेबलापासून दारापर्यंत फेकले गेले होते आणि बेशुद्धही होते.

"मग फोन कोण उचलून राहिलंय?" मी विचारलं.

तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. आता बास, म्हणाला. पंधरा दिवसांनी रविवारी टेम्पो घेऊन येतो, सामान बांधून ठेव, घराला कुलूप लावू, तू लातूरला यायचं. आणि लॅम्प भंगारात द्यायचा.

लातूरची मला भीती नव्हती. सून गुणाची आहे, खोली हवेशीर आहे, टीव्ही मोठा आहे. पण तिथं मला काहीही करायचं नव्हतं, आणि तेच मला नको होतं. माझ्या दाराची कडी माझ्या हातानं काढायची, माझ्या ओट्यावर बसायचं, एवढीच माझी मिजास. ती मी सोडणार नव्हते.

म्हणून मी त्याला म्हणाले की लॅम्पची वायर मीच बदलते. तू ये आणि तपास. बरोबर निघालं तर मी इथंच राहणार. चुकलं तर टेम्पोत पुढच्या सीटवर स्वतः चढून बसते, एक शब्द बोलत नाही.

तो खो खो हसला आणि "हाव, चालंल" म्हणाला. हसला म्हणूनच हाव म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी मी इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दुकानदार माझा विद्यार्थी असेल असं तुम्हाला वाटेल. नव्हता. बाहेरून आलेला, नवीन दुकान. वायर, होल्डर, बटन आणि पिन पाहिजे म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे न बघता माझ्या मागं बघितलं, कुणी माणूस आलाय का ते.

मग तो मला समजावायला लागला. वायरीत लई प्रकार असतात मावशी, तुम्हाला कळणार नाही. घरी कोणी असेल तर त्यांना पाठवा, मी त्यांना समजून सांगतो. मी म्हणाले, घरी मीच असते. तर म्हणतो, "तसं नाही. सरांना विचारून या, कोनती वायर पायजे ते."

"सर चार वर्षांखाली वारले," मी म्हणाले. "विचारायला जाते, पण यायला उशीर लागल. तवर तू वायर कापून ठेव."

त्यानं वायर कापली. मापापेक्षा हातभर जास्तच कापली.

*

लॅम्प उघडायचा म्हणजे बुडाचे तीन स्क्रू काढायचे. ते इतके गंजले होते की पेचकस नुसता घसरायचा. कमलनं शेतातल्या मोटारीच्या अनुभवावरून आधी तेल सोडलं आणि आम्हाला एक दिवस थांबायला लावलं. मला एक दिवसही जड जात होता, पण तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दुपारी स्क्रू गुपचूप फिरले.

बुडाचं झाकण काढलं आणि आम्ही तिघी बघतच राहिलो. आत जुन्या वायरीला एक जोड होता. जोडाला टेप नव्हती. दवाखान्यात जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली, कडा सुटलेली. सुटलेल्या कडेतून तांब्याची तार बाहेर येऊन बरोबर पितळेला टेकली होती. मला बसलेला झटका तिथून निघाला होता.

ती पट्टी मी ओळखली. प्रशांत सायकलवरून पडला होता तेव्हा त्याच्या गुडघ्यासाठी आणलेली. त्याच सुमारास यांनी एकदा खोलीचं दार लावून घेऊन तासभर लॅम्प दुरुस्त केला होता, आणि बाहेर येऊन घाम पुसत मला बजावलं होतं की मी केलंय नीट, तू हात लावू नको.

कमलनं वाकून ती पट्टी निरखली. मग म्हणाली, "सरांनी लॅम्पला मलमपट्टी केली व्हती म्हना की."

आम्ही इतक्या हसलो की रझिया आपाला ठसका लागला. हसून झाल्यावर मला रडू आलं, कारण त्यांनाही येत नव्हतं. तीस वर्षं त्यांनाही येत नव्हतं आणि ते एकटेच दार लावून घाबरत होते. एकदा मला आत घेतलं असतं तर परिपथ मी शिकवत होतेच की. आणि मग त्यांचा असा राग आला की मी ती पट्टी खरवडून काढली आणि स्क्रू ठेवलेल्या बशीतच तिचे तांदळाएवढे तुकडे केले.

*

गुरुवारी सुनेचा फोन आला. वैशाली तिचं नाव. ती एरवी मोठ्यानं बोलते, त्या दिवशी कुजबुजत होती. मागं भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे स्वयंपाकघरातून.

"आई, ते मीटर घिऊन येनार हायेत. सगळं बरोबर असलं तरी अर्थिंग बघनार हायेत. म्हनले, आईला अर्थिंगचं कळनार न्हाई, तिथं धरतो. तुमी अर्थिंग करून घ्या."

आता बघा. मी तीस वर्षं दहावीच्या परीक्षेला सुपरव्हिजन केलंय. खिडकीतून चिठ्ठी येऊ नये म्हणून खिडकीपाशी उभी राहिलेय. पेपर फुटणं म्हणजे काय पाप असतं यावर प्रार्थनेच्या वेळी भाषणं दिलीयत. अशा बाईला घरबसल्या पेपर फुटून मिळत होता.

मी म्हणाले, "हळू बोल. अर्थिंगची वायर कोणत्या रंगाची, ते विचारून ठेवलंस का?"

ठेवलं होतं. हिरवी.

तिनं असं का केलं हे मी तिला विचारलं नाही. पण फोन ठेवताना ती एवढंच म्हणाली की आई, तुमी तिथं राहिलात तर मलाबी कधी चार दिवस यायला जागा ऱ्हाईल.

*

वायर मी दोन तारांची घेतली होती, दोन्ही पांढऱ्या. अर्थिंगला तिसरी पाहिजे, म्हणून शुक्रवारी पुन्हा त्याच दुकानात गेले. या वेळी दुकानदारानं माझ्या मागं बघितलं नाही. उठून उभा राहिला आणि काय देऊ म्हणाला.

मी म्हणाले, "विचारून आले. सर म्हणाले, हिरवीबी घे."

त्यानं हिरवी वायर पटकन गुंडाळून दिली. पैसेही मोजून घेतले नाहीत.

*

आता अडचण अशी झाली की दोन्ही पांढऱ्या तारा सारख्या. त्यातली एक फेज, म्हणजे जिच्यातून करंट येतो ती, आणि ती बटनातून गेली पाहिजे. दुसरी करंट परत नेणारी. अदलाबदल झाली तर बटन बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहणार, आणि प्रशांत ते पहिल्या मिनिटाला पकडणार. खूण केल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं.

रझिया आपानं कापडावर खुणा करायचा खडू आणला. तो प्लास्टिकवरून लगेच पुसला गेला. नखाला लावायचा रंग आमच्या तिघींपैकी कुणाच्याच घरी निघेना. मग मला आठवलं आणि मी आत गेले. कपाटाच्या वरच्या खणात, साड्यांच्या मागं, माझा कुंकवाचा करंडा होता. चार वर्षं मी तो उघडला नव्हता. फेकलाही नव्हता. खोबरेल तेलाच्या एका थेंबात कालवलं की कुंकू प्लास्टिकवर बसेल असा माझा हिशोब.

करंडा घेऊन बाहेर आले तर दोघींची नजर त्याच्यावरच. कमलनं हात पुढं केला. "द्या बाई, मी लावते. तुमी फकस्त सांगा, कुठं लावायचं."

ती वाईट बाई नाही. ज्यांच्याशी मला मोकळेपणानं चार शब्द बोलता येतात अशा दोनच बायका या गावात आहेत, त्यातली ती एक. पण म्हणजे पुन्हा तेच. हात लावू नको. फक्त या वेळी मायेनं.

"कमल," मी म्हणाले, "कुंकवात करंट नसतो."

आणि करंगळीशेजारच्या बोटानं, जसं लावतात तसं, एका पांढऱ्या तारेच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये बटनाच्या जागी लावलं. रझिया आपानं टोकं हातात घेऊन नीट निरखून बघितली, आणि रंग पक्का बसलाय, असं शिवलेल्या कपड्याबद्दल बोलतात तसं सांगितलं. कमलनं हात मागं घेतला.

*

शनिवार. तिन्ही तारा लॅम्पच्या वाकड्या नळीतून वर न्यायच्या होत्या. कमलनं हौसेनं तिन्हींची वेणी घातली, तीन पदरांची, पोरींना शाळेत जाताना घालतात तशी सुरेख. नळीत जाईना. वेणी सोडली, तारा नुसत्याच घातल्या. मानेच्या वळणापाशी जाऊन अडकल्या. फोनवर व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाच्या लॅम्पची नळी सरळ होती, त्यामुळे तो हसून म्हणत होता की वायर आत ढकला, झालं. मी त्याला दोन शब्द ऐकवले आणि फोन बंद केला.

तासभर आमचं ढकलणं बघून रझिया आपा म्हणाली, "बाई, हे ढकलनेका कामच नै. ये परकर में नाडी डालनेका काम है."

ती घरात गेली, मजबूत दोरा आणला, त्याच्या टोकाला एक छोटा काचेचा मणी बांधला आणि मणी वरच्या टोकातून नळीत सोडला. मग लॅम्प दोन्ही हातांत धरून रडणाऱ्या लेकराला हलवतात तसा हळूहळू हलवत राहिली. मणी वळण घेऊन खालून बाहेर पडला. खालच्या टोकाला तारा बांधल्या, वरून दोरा ओढला आणि वायरी नाडीसारख्या सरसर वर आल्या. मला वाटतं, प्रशांतच्या सगळ्या कामगारांना एकदा परकर देऊन बसवायला पाहिजे.

पुढचं मी केलं. हिरवी तार पितळेच्या आतल्या स्क्रूला घट्ट केली. कुंकवाची तार बटनातून नेली. कमलनं वायरीला आत एक गाठ मारली, म्हणजे बाहेरून कुणी ओढलं तरी ताण स्क्रूवर येणार नाही. तिच्याकडे बैलाचं दावं बांधायची गाठ असते, तीच. बाहेर उरलेल्या वायरीची तिनं पुन्हा वेणी घातली आणि तिच्या शेवटाला मी पिन बसवली. वर होल्डरला दोन्ही तारा जोडल्या, स्क्रू आवळले. माझा हात एकदाही थरथरला नाही, हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

चहा केला. कप ठेवायला स्क्रूंची बशी उचलली तर तिच्यात होल्डरचं झाकण.

ते झाकण वायरीत आधी ओवायचं असतं आणि मग तारा जोडायच्या असतात. एकदा तारा जोडल्या की ते घालायला वाट नाही. ही चूक जगातला प्रत्येक वायरमन एकदा करतो असं प्रशांतनंच कधीतरी सांगितलं होतं, आणि सांगताना हसला होता. मी पेचकस घेऊन परत स्क्रू सोडायला लागले तर रझिया आपानं माझा हात धरला. अंधार पडत आलाय, डोळे दमलेत, आता केलं तर बिघडेल, सकाळी करू, म्हणाली. टेम्पो दहाला येणार होता.

चहा तिघींनीही तसाच ठेवला.

*

रविवारी सकाळी सात वाजता दोघी हजर. कमलनं त्या दिवशी मोटार चालू करायला नवऱ्याला पाठवलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला पहिल्यांदाच.

वरचे स्क्रू सोडले, झाकण ओवलं. चुरगळलेली टोकं कापावी लागली आणि टोकांबरोबर वरची कुंकवाची खूणही गेली. खाली बुडात बटनापाशी ती होती. कमल खालून कुंकवाची तार हळूच ओढायची आणि वर कोणती हलते ते मी बघायचे. सापडली. पुन्हा करंडा, पुन्हा तेल, पुन्हा बोट. उकाडा असा की घाम डोळ्यांत उतरत होता. तो मी त्याच हातानं पुसत होते आणि स्क्रू आवळत होते. नऊ वाजून गेल्यावर शेवटचा स्क्रू बसला.

हात धुवायला न्हाणीत गेले. आरशात बघितलं तर कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये लाल ठिपका. घाम पुसताना लागलेला, जरा फिसकटलेला, पण बरोबर जागेवर. मी ओंजळीत पाणी घेतलं. तेवढ्यात गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला.

मी ओंजळ मोकळी केली आणि तशीच बाहेर आले. रझिया आपानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती लॅम्प पुसायला लागली. कमलनं मात्र सरळ बघितलं. नजर हटवली नाही.

आमच्या गल्लीत एकच गाडी मावते. टेम्पो तोंड आत घालून ओट्याला टेकून उभा राहिला. प्रशांत उतरला तो पिशवीतून मीटर काढतच. मानही वर केली नाही. ओट्यावर मांडी घातली, लॅम्प आडवा केला, बूड उघडलं. गल्लीतली चार माणसं जमली. त्यानं आधी अर्थिंग बघितलं. मीटरचा काटा जिथं जायचा तिथं गेला. घराच्या बोर्डाचं अर्थिंग त्यानंच केलेलं, त्यामुळे त्याला नावं ठेवायची सोय नव्हती. मग वायर जोरात ओढून बघितली. कमलची गाठ जागची हलली नाही. मग तो थांबला.

"ह्या तारेला लाल काय लागलंय?"

"कुंकू," कमल म्हणाली.

"वायरीला कुंकू?"

"फेज कळायला," मी म्हणाले. "दोन्ही तारा सारख्या होत्या."

तो खाली मान घालून कुंकवाची तार बोटानं शोधत गेला. पिनेपासून बटनापर्यंत, बटनापासून होल्डरपर्यंत. कुठंही चुकली नव्हती. त्यानं बूड लावलं, पिन बोर्डात घातली, बटन दाबलं. लॅम्प लागला. भर उन्हात उजेड कळेना म्हणून रझिया आपानं त्यावर ओढणीची सावली धरली, तेव्हा हिरव्या टोपीखालचा पिवळा उजेड सगळ्यांना दिसला. जमलेल्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. मग त्यानं टेस्टर पितळेवर टेकवून बघितला, बुडाला, मानेला, टोपीला. टेस्टरचा दिवा कुठंच लागला नाही.

प्रशांत उठला. टेम्पोवाला दोर हातात घेऊन उभा होता. प्रशांतनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा त्याला माझं कपाळ दिसलं.

तो एकदम जवळ आला. जमलेल्या लोकांकडे पाठ केली आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, कपाळाला लागलंय ते. लोक बघून राहिलेत. पुस." मी हलले नाही. मग त्यानं स्वतःच खिशातून रुमाल काढला आणि हात वर केला.

"फेज हाय," मी म्हणाले. "हात लावू नको."

रुमाल तसाच वर राहिला. गल्लीत टेम्पो वळवायला जागा नव्हती, म्हणून टेम्पोवाल्यानं दोर मागं फेकला आणि तो रिकामा टेम्पो उलटा घेत घेत कोपऱ्यापर्यंत नेला.